देवश्रीच्या मुक्कामाची जागा

प्रेमा,

बाईमाणसाला जगात सर्वात सुरक्षित जागा म्हणजे आपलं घर, हे माझं ठाम मत होतं. सकाळी किल्ली आत राहिली, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहज आत शिरलो. शेजारच्या धनलक्ष्मी अक्कांनी तर स्टूल धरलं. मत मागे घेतो.

तेव्हा लेक पुण्याहून इकडे एकटी येऊन घराऐवजी बाहेरच उतरणार म्हणते, तर उतरू दे. तिनं तुला कळवलेल्या दोन्ही जागा मी पाहून आलो. इथल्या, पुण्याच्या नव्हे, शिवाजीनगरच्या लॉजवर काउंटरवाला म्हणाला, "एकदम सेफ, सर!" आणि एकट्या उतरलेल्या बायका कोणकोणत्या खोलीत आहेत, तेही आपणहून सांगितलं. ती जागा बाद.

बनशंकरीच्या लेडीज होमस्टेवर कस्तुराबाई म्हणून आहेत. देवश्रीचं बुकिंग झालंय का, असं त्यांना विचारलं.

"इथं कोण येणार, ते आम्ही सांगत नाही."

"अहो, मी बाप आहे तिचा."

"सगळे असंच म्हणतात, अण्णा," म्हणत त्यांनी मला फाटकाबाहेर काढलं. हाकलला गेल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. तीच जागा पक्की.

तिचा फोन आला की एवढंच सांग. मी तेवढा वेळ माझ्या मित्राकडे, मंजुनाथकडे, जाऊन बसतो. घरी असलो तर फोन तुझ्या हातून घेईन आणि 'घरीच ये' म्हणेन.

आणि हो, माझी छत्री कस्तुराबाईंच्या व्हरांड्यात राहिलीय. मला काही त्या आत घेणार नाहीत. देवश्रीला म्हणावं, रविवारी जेवायला येताना तेवढी घेऊन ये.