काचेच्या भिंतींचं घर

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे धुळ्याला! जळगावच्या फ्लॅटमधलं सामान या बंगल्यात कुठे गडप झालं कळेना. घर साठ वर्षांपूर्वीचं, पण हॉलला बागेकडून भिंतच नाही — नुसती सरकती काच. आतली शहाबादी फरशी मध्ये उंबरा न लागता तशीच बाहेर जाते, थेट कडुनिंबापर्यंत. आपण घरात आहोत की अंगणात?

७ नोव्हेंबर
झाडायला येणाऱ्या तानुबाई वैतागल्यात — "बठ्ठा पाला घरमाच येस!" सगळा पाला घरात येतो खरा, मला मात्र गंमत वाटते. काल हॉलमध्ये मुंगूस! माझा नवरा अमन सोफ्यावर उभा!

एक कोडं सुटत नाही. घर एवढं मोकळं, आणि कंपाउंडची भिंत दोन पुरुष उंच. चोरांची भीती? मग काचा कशाला?

१२ नोव्हेंबर
इथून तासाभरावरच्या नरडाण्याच्या कंपनीचा फोन — लॅबमधली नोकरी मिळाली!! सोमवारपर्यंत कळवायचंय. अमन म्हणाला, "एवढं छान घर आहे, इथेच शिकवण्या घे. बाहेर कशाला?"
खरं म्हणजे पटलं. बागेत मुलं बसतील, वर झाड...

१५ नोव्हेंबर
घरमालकीण आल्या होत्या — लाडकुंवरबाई. ऐंशी ओलांडलेल्या, आता मुलाकडे राहतात. हे घर त्यांच्या यजमानांनी, दीपचंदशेठनी बांधलेलं. न राहवून विचारलंच — भिंत एवढी उंच का?

"आमच्यात तेव्हा घुंगट. सून रस्त्यावर दिसायची नाही. लग्न होऊन आले तेव्हा रडायचे मी, आभाळ दिसत नाही म्हणून. यांनी मुंबईहून आर्किटेक्ट आणला. म्हणाले, तुला बाहेर जाता येत नाही ना, मग बाहेरच आत आणू."

मी म्हटलं, "किती प्रेम!"

"प्रेम होतंच." त्यांनी काचेवर हात टेकवला. "पण एवढं केल्यावर, बाहेर जाऊ द्या म्हणायला तोंडच उरलं नाही, बेटा."



१६ नोव्हेंबर
अमनला सांगितलं — घर आवडतंच मला. रोज संध्याकाळी परत येईन त्यात.
तो भाजी निवडत बसला. मग म्हणाला, "बस किती वाजता असते?"

१७ नोव्हेंबर
होकार कळवला! लाडकुंवरबाईंनाही फोन केला. त्या म्हणाल्या —
"नरडाण्याच्या वाटेवर सोनगीरचा किल्ला लागतो ना गं? साठ वर्षं नुसतं नाव ऐकतेय. रविवारी मला नेशील?"