चालकाची चूक

प्रिय धाकट्या,

तुझ्या नव्या बंगल्याचा पत्ता मला पेपरात शोधावा लागला. फोन करून पाहिला, पण तो तुझा सचिव उचलतो आणि आपण कोण म्हणून विचारतो. बहीण म्हटलं की सांगतो, साहेब बैठकीत आहेत. त्याला तरी काय बोलणार, पोटासाठी करतो बिचारा. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र अजून धडधाकट. तुझी भाची दवाखान्यात नर्स म्हणून लागली. मी अजून डेपोतल्या लोकांचे गणवेश शिवते. ठेकेदाराने कापड बदललंय, दोन धुण्यांत शिवण उसवते आणि बोलणी मला बसतात.

परवा वर्कशॉपच्या फाटकावरून गेले. तू फिटर होतास तेव्हा तिथंच तेलाच्या रिकाम्या पिंपावर उभा राहून पहिलं भाषण केलंस. चार वाक्यांत घसा कोरडा पडला, तेव्हा खालून पाण्याची बाटली यांनीच वर दिली. तुझी मागणी साधी होती. झोप न झालेल्या माणसाला बसवर पाठवायचं नाही. मॅनेजर हसला होता, म्हणाला, झोपायला मिळावं म्हणून संप करणारे तुम्हीच पहिले. पण ड्रायव्हर हसले नाहीत. स्टिअरिंगवर डोळा लागणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. संप लांबला, घराघरातली चूल थंडावली. पोलीस आत घुसले तेव्हा तुझ्या डोक्यावरची काठी यांनी मनगटावर घेतली. तू आमच्या स्वयंपाकघरात बसून रडलास. भावजी, हा हात मी जन्मात विसरणार नाही, म्हणालास. ते मनगट पुढे गिअर टाकताना कायम दुखायचं. यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

तुला आमदार कुणी केलं, हे तुला सांगायला नको. ड्यूटी संपवून माणसं तशीच, खाकी कपड्यांत, भिंतीवर तुझी पोस्टरं चिकटवायची. तू परिवहन मंत्री झालास तेव्हा सगळा डेपो आपल्याच घरात लग्न असल्यासारखा हरखला होता. खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी तू काम केलंस. ड्रायव्हरांसाठी खाटा टाकून विश्रांतीची खोली बांधलीस. यांनी घरी येऊन आईला त्या खोलीची खिडकीसुद्धा वर्णन करून सांगितली.

मग ठेकेदार आला. लांबचे सगळे मार्ग त्याच्याकडे गेले, त्या खोलीत त्याचे टायर रचले गेले आणि एकाच माणसाला लागोपाठ दोन पाळ्या लागू लागल्या. हे तुला भेटायला आले होते, आठवतंय? तू म्हणालास, भावजी, राज्य चालवायचं तर सगळ्यांना धरून चालावं लागतं. हे एवढंच म्हणाले, धर बाबा, पण आम्हाला सोडून कुणाला धरणार?

त्या दिवशी सकाळी ते लांबच्या फेरीवरून आले होते. पाठ टेकली न टेकली तोच ठेकेदाराच्या माणसाचा फोन. दुसरा ड्रायव्हर आजारी आहे, या. हे म्हणाले, दोन तास पडू द्या. तो म्हणाला, मग कायमचेच पडा घरी. तोंडावर पाणी मारून गेले. पुलाजवळच्या वळणावर डोळा लागला. कंडक्टर सांगतो, शेवटच्या क्षणी जागे झाले आणि बस स्वतःच्या बाजूने भिंतीवर घेतली. माणसं जखमी झाली, पण सगळी वाचली. हे तेवढे गेले.

तू दवाखान्यात आलास, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. ते रडणं खरं होतं, असं मी आजही मानते. म्हणूनच पुढचं जास्त लागलं. आठवड्याने विधानसभेत तू उभा राहिलास आणि कागदावरून वाचलंस की ठेकेदाराने सर्व नियम पाळले आहेत, प्राथमिक चौकशीत चालकाची चूक दिसून येते. आई माझ्याशेजारी टीव्हीसमोर बसून कपड्यांच्या घड्या करत होती. तिने विचारलं, कोण चालक? मी टीव्हीचा आवाज कमी केला. तिने परत विचारलं, हा कुणाबद्दल बोलतोय गं? मग तिने टीव्ही बंद केला. त्यानंतर तो लावलेला नाही.

मागच्या आठवड्यात तू माणूस पाठवलास. निवडणूक आलीय, ताईंनी सभेत साहेबांशेजारी बसावं, लोकांना बरं वाटेल, असं तो म्हणाला. आईने त्याला चहा दिला. मी नाही म्हणून सांगितलं. तो गेला, आणि संध्याकाळी डेपोतली माणसं आली. तो कंडक्टर होता, बस धुणाऱ्या बायका होत्या. त्यांनी दुसरंच काही मागितलं. मी म्हटलं, मी शिलाई मशीनवरची बाई, मला भाषण येत नाही. त्यातली एक म्हणाली, भाषणं ऐकून पोट भरलंय आमचं.

आज सकाळी मी तुझ्याविरुद्ध उमेदवारीचा अर्ज भरला. पडेन, बहुतेक पडेनच. पण ही बातमी तुला त्या सचिवाच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहायला बसले. आणि आणखी एक. सूचक म्हणून पहिली सही आईची आहे. इतकी वर्षं तिच्यासमोर तुझ्याबद्दल वाकडा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. तिला कुणी म्हटलंही नव्हतं. तिनेच चष्मा मागितला, कुठे करायची विचारलं आणि सावकाश सही केली. मग मला म्हणाली, त्याला कळव. म्हणावं, वेळेवर जेवत जा, आणि सही मी माझ्या मनाने केलीय.

तुझीच,
ताई