रडत नाही म्हणून गुणाची

आई, माझी मुलगी पाच महिन्यांची झाली. रडत नाही, कोणाकडेही जाते, पंख्याकडे बघत पडून राहते. इथे नाशिकला, सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, "किती गुणाची आहे गं!" मी नुसती मान हलवते. ती माझ्याकडे बघत नाही, हे त्यांना कसं सांगू? मी वाकले की ती तोंड वळवते.

मग पिंपळगावची आपली खोली आठवते. धाकटी झाली तेव्हा मी नऊ वर्षांची. द्राक्षं पॅक करायला जाणं तू सोडलंस, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचीस. शेजारच्या काकू म्हणायच्या, "लय आळस भरलाय बाईला." चहा मी करायचे, धाकटीला कडेवर मी घ्यायचे. एका दुपारी तू उठून बसतेस, तिला मांडीवर घेतेस, "सोने, बघ ना माझ्याकडं," म्हणतेस. ती तोंड फिरवते आणि माझ्याकडे झेपावते. मी म्हणते, "तिला तू आवडत नाहीस." तू चिडत नाहीस. "ठाऊक हाय मला," एवढंच म्हणून तिला माझ्याकडे देतेस. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं गं.

दीड महिन्यापूर्वी हिला लस द्यायला नेलं. नर्स आधी हिच्याशी बोलली, मग माझ्याकडे वळली. "बाळाचं राहू द्या, ताई. तुम्ही कशा आहात?" मी तिथेच बाकावर रडत बसले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंतपणानंतर होतो हा उदासीचा आजार, बराही होतो. "बाळ रुसलेलं नाही. तुमच्या चेहऱ्यावर त्याला काही सापडेना, म्हणून बघायचं थांबलंय. बोलत राहा त्याच्याशी." तुला असं कोणी सांगितलं नाही. कशी आहेस, हेसुद्धा कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तू पुढे एकटीच हळूहळू उठलीस, कामाला लागलीस. धाकटी आता घोटीला शाळेत शिकवते. ती हसली की शेजारच्या वर्गात ऐकू जातं. त्या दुपारबद्दल मात्र मी तुझ्याशी कधी बोलले नाही, आणि तुला जाऊनही आता पंधरा वर्षं झाली.

काल आंघोळ घालताना हिने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही, पण बराच वेळ बघत राहिली. हे कोणाला सांगावं सुचेना, म्हणून तुला लिहिलं. हा कागद माझ्या कपाटातच राहणार. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या मी रोज सगळ्यांसमोर घेते. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मात्र म्हणाले, रक्तवाढीच्या आहेत.