फुकट मालाची चौकशी

प्रिय सोन्या,

तुझा निरोप वाचला. दर बुधवारी घरी येऊन फुकटात काम करणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असणारच, त्याला दार उघडू नकोस, असं तुझं म्हणणं. अरे, कारखान्याच्या भांडारात अख्खी नोकरी काढलीय मी. फुकट नमुना घेऊन कोणी आला की आधी त्याला उभा ठेवायची, मग खोकं उघडायला लावायची. संशय घ्यायला तू मला शिकवू नकोस. चौकशी केली आहे, ती ऐक.

त्याला गल्लीत सगळे पेचकस म्हणतात, कारण पेचकस कानामागे अडकवूनच हिंडतो. कोपऱ्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान. तू घेऊन दिलेला कॉम्प्युटर रखडायला लागला म्हणून त्याला बोलावलं, तर म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे, आतली विकतची सिस्टिम त्याला झेपत नाही. त्याऐवजी फुकटातली घालून देतो, लिनक्स. ती बनवतं कोण म्हणून विचारलं, तर म्हणे जगभरातले लोक, बरेचसे हौसेनं. हौसेनं! माझे कान तिथेच टवकारले. मी जुनी काढू दिली नाही, दोन्ही शेजारीशेजारी ठेवायला लावल्या आणि पारखत बसले.

विकतची दिसायला देखणी. प्रिंटर जोडला की निमूट छापायची, तुझ्या फायली जशाच्या तशा उघडायची. पण मी स्वेटरची नक्षी आखायला बसावं आणि हिला नेमकं तेव्हाच अपडेट सुचावं. वर कोपऱ्यात जाहिराती. पैसे आपण मोजायचे आणि जाहिरातीही आपणच बघायच्या! फुकटची चटकन सुरू होते, मध्येमध्ये लुडबुडत नाही. पण तुझ्या फायली उघडल्या की ओळी इकडच्या तिकडे, आणि प्रिंटरनं तर अंत पाहिला. एका बुधवारी छापायचा, पुढच्या बुधवारी रुसायचा. पेचकस डोकं खाजवत बसायचा. पैसे देऊ केले तर चहा पुरे म्हणायचा. चहासाठी कोणी एवढं करतं का? मी कपाटाला कुलूप घातलं.

मग वाचनालयातल्या बाईंना गाठलं. त्यांच्याकडे हीच फुकटची सिस्टिम, अगदी हाच प्रिंटर, आणि तो पेचकसनं एका बैठकीत चालू करून दिलेला. कधी कुरकुरला नाही म्हणे. माणूस सरळ आहे, फक्त बुधवारी तेवढा दाढी करतो, असंही त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून उगाच हसल्या.

आता तुझ्याकडे वळते. तो बुधवारी येतो हे तुला कळलं कसं? मी तर कोणालाच बोलले नव्हते. फक्त विकतच्या सिस्टिममधल्या कॅलेंडरात दर बुधवारी लिहून ठेवायची, पेचकस येणार. ते कॅलेंडर तुझ्या खात्याला जोडलेलं आहे, मी लिहिते ते सगळं तुला दिसतं, हे मला त्यानंच दाखवलं. तूच जोडून दिलं होतंस, काळजीपोटी असेल. पण मला वाईट वाटलं रे. मी फुकटवाल्यांवर डोळा ठेवून बसले आणि माझ्यावर डोळा तुझा! नुसतं विचारलं असतंस तरी सांगितलं असतं.

परवाच्या बुधवारी प्रिंटरवरून त्याला फैलावर घेतलं. चोरी कबूल केली त्यानं. पुढच्या बुधवारी यायला निमित्त हवं म्हणून जाताना काहीतरी बिघडवून ठेवायचा, गुलाम! मग कानामागचा पेचकस काढून टेबलावर ठेवला आणि मला लग्नाचं विचारलं. तेव्हा तुझा अंदाज बरोबर होता बाळा, त्याच्या मनात काहीतरी होतंच. मी हो म्हटलंय. विकतची सिस्टिम काल पुसून टाकली, म्हणजे हे तुला कॅलेंडरात दिसणार नाही. म्हणून स्वतः लिहिते आहे. रागावलास तरी चालेल, पण रजा काढून ये. तू नसलास तर मला करमायचं नाही.

तुझीच, अजून पुरती शुद्धीवर असलेली,
आई