कॉफीचे वावर भागिरथाच्या नावे

मी केशरबाई इंद्रभान पडघान, वय पन्नासच्या वर, धंदा शेती, राहणार किन्हीराजा, जिल्हा अकोला. पोटात गाठ आहे, डोके ठिकाणावर आहे. वाशीमच्या डॉक्टरने अकोल्याला जायला सांगितले. जाण्याआधी हे लिहिते. जबरदस्ती कोणाची नाही. दुसरीपर्यंत शिकले, अक्षर मोठे येते, म्हणून कागद जास्त लागला.

१. घर व नवऱ्याचे दोन एकर मुलगा देवमन याला. विहिरीचे पाणी मात्र दोन्ही वावरांना सारखे.

२. नाल्याकाठचे एक एकर माझ्या नावावर आहे. लग्नानंतर आम्ही सहा वर्षे चिखलदऱ्याला कॉफीच्या बागेत मजुरी केली, त्यातून घेतले. येताना बी पदरात बांधून आणले. नणंद लिलाबाई म्हणाली, चहा पिणाऱ्या गावात हिने हे काय लावले. आंब्यांच्या सावलीत दोनशे झाडे लावली. बहात्तरच्या दुष्काळात घागरीने पाणी घातले, एकशे चाळीस जगली. माल अकोल्याचा एक मद्रासी हॉटेलवाला घेतो. त्याला फक्त लाल फळाचा चालतो.

हे वावर झाडांसकट सून भागिरथा हिला. देवमनला नाही. कारण लिहिते.

कॉफी एकेक फळ पाहून तोडावी लागते. लाल तेवढे घ्यायचे, हिरवे ठेवायचे, आठ दिवसांनी पुन्हा यायचे. देवमनने एका साली तुरीच्या शेंगा ओरबाडाव्या तशा फांद्या ओरबाडल्या. पोते परत आले. पुढच्या साली त्या फांद्यांना फूल नाही. वर म्हणाला, उपटून टाकू, हायब्रीड ज्वारी पेरू.

तीन वर्षांमागे नवरा गेला तेव्हा तोड चालू होती. तिसऱ्या दिवशी मी टोपली घेऊन निघाले. पिकलेले फळ गळते, ते कोणासाठी थांबत नाही. देवमन दारात आडवा आला. लिलाबाई चार बायांत म्हणाली, "हिले माणूस मेल्याचं काईच नाई." खरे आहे. मला काही वाटत नव्हते. हात चालत होते. अजून तसेच आहे. दोन ओळी झाल्यावर पाहिले, तर भागिरथा शेजारच्या ओळीत तोडत होती. तिला कोणी बोलावले नव्हते. तिच्या टोपलीत हिरवे फळ एकही नव्हते.

३. चांदीची दोन कडी लिलाबाईला. तिची नजर त्यांच्यावर आहेच.

४. वाळवणाच्या चटया, टोपल्या भागिरथाला. माझ्यामागे जेवण घालू नये.

हे काल दोघांना वाचून दाखवले. देवमन म्हणाला, "तू गेली की मी कुऱ्हाड घालतो, माय."

भागिरथा माझ्यादेखत नवऱ्याशी कधी बोलली नाही. काल बोलली. "या तुमी कुऱ्हाड घेऊन. वावर माह्या नावावर असन."

देवमन उठून बाहेर गेला. म्हणून आज सही करते.

सही : केशरबाई इंद्रभान पडघान

आमच्यासमोर सही केली :
१. भिवाजी सरकटे, शेजारी
२. जगदेव इंगोले, शाळामास्तर

ठिकाण किन्हीराजा
तारीख ११ फेब्रुवारी १९७७