तुझ्या नावावर चालणारा सर्व्हर

प्रिय बंड्या,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. फोन केला की आई स्पीकर लावते, आणि मग तुझ्या पाठीपासून माझ्या वजनापर्यंत सगळ्याचा समाचार घेतला जातो. मला आज फक्त तुझ्याशी बोलायचंय. ऑपरेशनचे टाके दुखतात का अजून? वाकू नकोस म्हणजे नकोस, कॉटखाली गेलेल्या चपलेसाठीसुद्धा. तुला मी चांगली ओळखते.

इथे ऑफिसात सकाळपासून नुसता गोंधळ. विजेच्या कामासाठी काल सगळी मशीन्स बंद ठेवली होती. आज चालू केली तर डेटाबेस मुकाट्याने उठला, पण बिलं काढणारा ॲप्लिकेशन सर्व्हर काही केल्या उठेना. सुरू व्हायचा, जरा धापा टाकायचा की मान टाकायचा. साहेब माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते. खाली गोदामात औषधांचे ट्रक भरून उभे, बिल निघाल्याशिवाय एकही हलणार नाही, आणि हॉस्पिटलांचे फोनवर फोन. मला वाटलं, डेटाबेस तयार व्हायच्या आतच हा घाई करतोय. म्हणून थांबून पुन्हा सुरू केला. नाही. डिस्क भरली असेल म्हणून पाहिलं, तर ढीगभर जागा. शेवटी सर्व्हरच्या नोंदींचा लॉग वाचत बसले, आणि तिथे चक्क तुझं नाव!

अरे शहाण्या, अख्ख्या कंपनीचा सर्व्हर तू स्वतःच्या लॉगिनवर चालवत होतास? घाईत बसवला असशील, नंतर बदलू म्हणाला असशील. तुझं ‘नंतर’ मला पाठ आहे. चालू होता तोवर त्याला कुणी अडवलं नाही. बंद होऊन पुन्हा उठताना मात्र तो तुझ्या नावाने आत जाऊ लागला आणि त्याला दारातच अडवलं. आधी मला हसूच आलं. मग पुढची ओळ वाचली, पुन्हा एकदा वाचली. पासवर्ड चुकला नव्हता. तुझं खातंच बंद केलेलं होतं.

रजेवरच्या माणसाचं खातं कुणी बंद करत नाही रे. मी वळून साहेबांकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर पाहायला लागले. सगळ्यांदेखत विचारलं तेव्हा म्हणाले, वरून आदेश आलाय, तुम्ही त्याची बहीण, म्हणून तुमच्याशी बोललो नाही. असा संताप झाला! आता ज्याला काढलंत त्यालाच बोलवा, नाहीतर बसा बोंबलत, हे अगदी जिभेवर आलं होतं. पर्स खांद्याला लावून दारापर्यंत गेलेही. पण ट्रकमध्ये इन्सुलिन होतं.

परत आले. नवीन खातं काढलं, सर्व्हर त्यावर चढवला आणि तो झटक्यात उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू फुटलं, त्यांना वाटलं आनंदाने.

तुला कामावरून काढल्याचं कंपनीचं पाकीट साध्या टपालाने निघालंय, हे मी कुरिअरने पाठवतेय. ते वाचून तुला कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. त्यांच्याशी भांडायचं असेल तर मी पदर खोचून उभी आहे, नसेल तर दुसरं काहीतरी बघू. तू आधी बरा हो. आणि बंड्या, तुझं नाव तिथून मीच काढलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तुझीच, धुसफुसत बसलेली,
ताई