भाड्याच्या खोल्या

१७ फेब्रुवारी
भाड्याने आणलेल्या वस्तूला भाड्याची म्हणायला मला लाज का वाटावी? सकाळपासून स्वतःला विचारते आहे.

निर्णय चुकला असंही नाही. गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुली मागे राहिल्या तरच त्यांची शाळा टिकते. वसतिगृह लागतं ते तेवढ्या हंगामापुरतंच. शाळेशेजारची जागा गायरान, तिथं पक्कं बांधता येत नाही. केबिन विकत घेतल्या तर पावसाळाभर रिकाम्या गंजणार, राखणार कोण? म्हणून दोन पत्र्याच्या केबिन भाड्याने घेऊ, हंगाम संपला की परत करू, हे परभणीला मी काम करते त्या संस्थेच्या सरांना मीच पटवलं. त्या बैठकीत चांगली बोलले होते.

दिवाळीआधी गावात येऊन मात्र एवढंच म्हणाले, "मुलींसाठी दोन खोल्या येणार आहेत." पुढचा शब्द तोंडातच राहिला. आमच्याकडे भाड्याने राहतो तो कुठून तरी आलेला, स्वतःचं काही नसलेला माणूस. लोक टाळ्या वाजवत होते, वर्गणीची नावं पुकारत होते. त्यात तो शब्द कसा

राहू दे. उद्या सांगेन.

२१ फेब्रुवारी
सांगितलं नाही.

आज गंगाधरकाकांनी पालमहून पेंटर आणला. वर्गणी त्यांनीच दारोदार फिरून गोळा केली होती. पेंटरचं मला आधी कळूच दिलं नाही. केबिनच्या दर्शनी पत्र्यावर मोठ्या अक्षरात 'लोकवर्गणीतून', खाली देणाऱ्यांची नावं. तेही बरोबरच. देवळातल्या पंख्यावर नाव असतं, स्मशानातल्या बाकावर असतं, मग खोलीवर का नसावं?

तेव्हा तरी बोलायचं. मी काय बोलले, तर "काका, ओळी सरळ येऊ द्या."

पहिलं नाव आमच्या अण्णांचं. काका म्हणाले, "पोरीनं खोल्या आणल्या, मंग बापाचं नाव खाली टाकावं व्हय?" संध्याकाळी अण्णा रानातून येताना तिकडून आले. चपला काढून उभे राहिले आणि एकेक अक्षर लावत वाचलं. मी आतल्या खोलीत मुलींचा अभ्यास घेत होते. खिडकीतून दिसत होते. बाहेर गेले नाही.

२४ फेब्रु.
सरांचा फोन. केबिन परत देताना होत्या तशा द्यायच्या. नावं लिहिल्याचं सांगितलं तर हसले. "थिनर मारा, निघेल. आणि गावाला कल्पना आहे ना, या भाड्याच्या आहेत म्हणून?"

"हो सर."

विचार करायला क्षणही लागला नाही. आता दोन खोटी झाली. पहिलं निदान न बोलण्याचं होतं.

संस्थेत सगळ्यांना माझी ओळख 'तळमळीची मुलगी' अशी करून देतात. यापुढे ते ऐकवेल का?

२८ फेब्रु.
पूजाच्या आईचा फोन आला, उसाच्या फडातून. पूजा सातवीत आहे. आईबाप चार वर्षं तिला तोडीला सोबत नेत होते, यंदा पहिल्यांदा मागे ठेवली. वर्गणीला त्यांनी मुकादमामार्फत पैसे पाठवलेले. पूजा फोनवर ओरडून सांगत होती, "माय, आपलं नाव हाय पत्र्यावर. बाचं नाव. लाल रंगात."

मग फोन माझ्याकडे दिला. "ताई, म्होरल्या साली धाकलीलाबी ठिवतो तुमच्यापाशी. आता काय, खोली आपलीच हाय."

मी म्हणाले, "हो, ठेवा ना."

आज जेवले नाही. आईला सांगितलं डोकं दुखतंय.

५ मार्च
लिहायचं नव्हतं, तरी लिहिते.

केबिनवाल्यांचा माणूस दुपारी गावात आला होता. उचलायच्या आधी पाहणी करायला. त्याने पारावर विचारलं, भाड्याच्या केबिन कुठे आहेत. पारावरचे म्हणाले, हितं भाड्याचं काही न्हाई. तो म्हणाला, वसतिगृहाच्या. "त्या आमच्या हायत. चुकून आलाव तुमी." तो कागद काढून गावाचं नाव दाखवायला लागला. गंगाधरकाकांनी कागदाकडे पाहिलंही नाही. या नावाचं आणखी एक गाव आहे म्हणून त्याला ताडकळसच्या रस्त्याला लावून दिलं. तसं गावच नाही.

काका मुद्दाम शाळेपर्यंत आले मला सांगायला. "आसंच एखांदं भामटं आसतंय वैशाली. पोरीबाळींच्या खोल्या उचलून न्यायला निघालंय. उनातान्हात फिरू दे जरा."

सगळे हसले. स्वैपाक करणाऱ्या शोभामावशी तर डोळे पुसत हसल्या. मीही हसले.

त्या माणसाचा संध्याकाळी फोन आला. आवाज थकलेला. चूक माझी आहे, एवढंच मी म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, दिवस गेला माझा."

८ मार्च
महिला दिन. ग्रा.पं.त माझा सत्कार. घरातली पहिली पदवीधर, गावची लेक वगैरे. मला भाषण करायला लावलं. त्यात मी 'विश्वास' हा शब्द किती वेळा वापरला, देव जाणे. आई पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसली होती. घरी आल्यावर शाल तिने ट्रंकेत ठेवली. मला ती अंगावर नको होती.

१० मार्च
कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं. तोडीला गेलेले लोक आठवड्याभरात परत येतील. सर म्हणाले, केबिन त्याआधी द्या, नाहीतर पुढच्या महिन्याचं भाडं चढेल. म्हणजे पूजाचा बाप येईल आणि त्या जागी नुसतं गायरान असेल.

अण्णांना सांगितलं. जेवत होते. वाटलं होतं रागावतील, आणि मग माझ्यासोबत पारावर येतील.

घास तसाच ठेवून विचारलं, "आजून कुणाला म्हाईत हाय?"

"तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे."

"मंग ऱ्हाऊ दे. दुरुस्तीला नेल्या मन."

"अण्णा, किती दिवस दुरुस्ती?"

"ते इसरतेत लोक." थोडं थांबून, "माजं नाव हाय वर. मी पारावर कसा बसू?"

ज्या माणसाने मला तालुक्याच्या शाळेत सायकलवर नेऊन सोडलं, त्याच्यावर मी खोटं सुचवायची वेळ आणली. आणि खरं सांगायचं तर ऐकताना मला हायसं वाटलं. दुरुस्ती. किती सोपं आहे. रात्रभर तो शब्द सोबत होता.

१२ मार्च
दुरुस्तीचं वाक्य आज शोभामावशींसमोर म्हणून पाहणार होते. त्या मुलींसाठी भाकरी थापत होत्या. "मावशी, या खोल्या..." एवढ्यावर थांबले. त्या म्हणाल्या, "बोल की." मी म्हणाले, "झाडून घ्यायला पाहिजेत."

त्या उठून झाडायला लागल्या. मी झाडू काढून घेतला त्यांच्या हातातून.

१३ मार्च
सकाळी माणसं रानात जायच्या आधी पारावर गेले. अण्णा आले नाहीत. आई आली, मागे उभी राहिली.

सांगितलं. खोल्या भाड्याच्या आहेत, पहिल्यापासून. तुमची वर्गणी भाड्यात आणि मुलींच्या जेवणात गेली. तो माणूस भामटा नव्हता. सरांशीही मी खोटं बोलले होते, त्यांना काल फोन करून सांगितलं. भाड्याने घेणं बरोबर का होतं, तेही सांगायला लागले, पण माझंच मला वकिली केल्यासारखं वाटलं, थांबले.

गंगाधरकाका धोतर झटकून उठले. "म्या त्या माणसाला कुटं कुटं हिंडवलं," एवढंच म्हणाले आणि गेले. माझ्याकडे बघितलं नाही.

शोभामावशी म्हणाल्या, "भाड्याचं मनून दिलं नसतं व्हय आमी? सांगून तर बगायचं."



कोणीतरी मागून, "म्होरल्या साली?" मी म्हणाले, "माहीत नाही. भाडं जमलं तर येतील." कोणी मान हलवली नाही की नको म्हटलं नाही.

पूजाच्या आईला फोन केला. ती ट्रॅक्टरवर सामान भरत होती. सगळं ऐकून घेतलं. "मंग धाकलीचं काय करावं?" तेही मला माहीत नाही, म्हणाले. "बरं," म्हणाली. फोन तिनेच ठेवला.

अण्णा दुपारी जेवायला घरी आले नाहीत. आई डबा घेऊन रानात गेली.

केबिनवाल्यांच्या त्या माणसाला फोन केला. सोमवारी हायड्रा क्रेन घेऊन या, आणि त्या दिवशीच्या त्रासाबद्दल माफ करा म्हणाले. त्याने विचारलं, या वेळी सरळ शाळेकडे येऊ का? पारावर थांबून विचारा, असं सांगितलं.